सभेला गणपूर्ती झाली नाही, तर काय करावे?

भिवंडीत संध्याकाळी सातची सभा ठेवली की अर्धे सदस्य यंत्रमागाच्या पाळीवर असतात, काही गोदामात. विहारात जेमतेम आठ-दहा जण जमतात. मग कोणीतरी म्हणतो, "ठराव लिहून टाका, सह्या घरोघरी जाऊन घेऊ." हे आम्हीही केले आहे. ते चूक होते.

गणपूर्ती म्हणजे काय?
सभेचे निर्णय वैध ठरण्यासाठी हजर असावीच लागणारी किमान सदस्यसंख्या. बोलताना आपण 'कोरम' म्हणतो. ही पद्धत आपल्याला परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी भिक्खू संघाला माहीत असलेले संसदीय नियम मोजून दाखवले. त्यांत गणपूर्तीही होती. विनयानुसार संघाच्या साध्या कामाला किमान चार भिक्खू लागत, मध्यदेशात उपसंपदेला दहा. अपुऱ्या संघाने केलेले कर्म वैध नसे.

आज किती लागते?
- संसद : सभागृहाच्या एकूण सदस्यांच्या एक-दशांश (अनुच्छेद १००).
- ग्रामसभा : १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी कमी असेल ती संख्या. पेसा गावांचे नियम वेगळे आहेत.
- गृहनिर्माण संस्था : आदर्श उपविधींनुसार दोन-तृतीयांश किंवा २० सदस्य, यांपैकी कमी.
- नोंदणीकृत मंडळ, विहार ट्रस्ट : स्वतःच्या घटनेत लिहिलेली संख्या. घटनेची प्रत सभेत जवळ ठेवा.

संख्या भरली नाही तर
१. घटनेत दिलेला वेळ, बहुधा अर्धा तास, थांबा.
२. अध्यक्षांनी हजर संख्या आणि वेळ इतिवृत्तात नोंदवून सभा तहकूब करावी.
३. जमलेल्यांनी चर्चा जरूर करावी. ठराव करू नये.
४. तहकूब सभेला गणपूर्तीची अट आहे की नाही, हे घटनेत पाहा. अट नसली तरी मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घ्या.
५. पुढची तारीख सर्वांना कळवा, न आलेल्यांना आधी.

खोट्या सह्यांची किंमत
विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. कोणी हरकत घेतली, तर नोटीस, हजेरी आणि इतिवृत्त तपासले जाते. तिथे खोटी सही उघड झाली की निवडच अडकते आणि वाद वर्षानुवर्षे चालतो. त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. जिची सही घरी जाऊन घेतली, त्या ताईचे मत कोणी विचारलेलेच नसते. नाव रजिस्टरात येते, माणूस सभेबाहेरच राहतो.

आजारी भिक्खूला संघकर्मासाठी आपली संमती दुसऱ्याकरवी कळवता येत असे. न आलेल्याची आठवण ठेवण्याची ही रीत आपणही पाळू या. गणपूर्ती वारंवार होत नसेल, तर सदस्यांना दोष देण्याआधी सभेची वेळ तपासा. पाळी कधी सुटते, स्वयंपाक कधी आटोपतो, हे विचारून वेळ ठरवा.

जय भीम!