पेन्शन आणि एका तारखेची रेघ

आजचा विषय पेन्शन. थांबा, हेडफोन काढू नका, आणि सरकारी भरतीची तयारी करत असाल तर अजिबातच नका. कारण सरकारी नोकरीच्या नियमांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं झाली असतील तर ती तारखांवरून.

१९७९ साली केंद्राने पेन्शन मोजायची पद्धत सुधारली. फायदा कुणाला? ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. १९७२ मध्ये निवृत्त झालेले डी. एस. नकारा यावर सुप्रीम कोर्टात गेले. १७ डिसेंबर १९८२ ला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही. शिवाय नुसत्या निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांचे दोन गट पाडणं घटनेच्या कलम १४ मध्ये बसत नाही. निवृत्त मंडळी आजही तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

मग रेघ पुसली गेली? छे! १ जानेवारी २००४ पासून सैन्यदलं सोडून केंद्रात नव्याने लागणाऱ्यांना एनपीएस. महाराष्ट्रात हीच रेघ १ नोव्हेंबर २००५ ला पडली. यात पगारातून पैसे कापले जातात, सरकारही भर घालतं, आणि पुढचं बाजाराच्या हाती.

खरी गोम पुढे आहे. जाहिरात आधीची, पण निकाल, पडताळणी, मेडिकल यात महिने गेले आणि ऑर्डर हातात पडली रेघेनंतर. उशीर खात्याचा, पेन्शन गेली उमेदवाराची! माणसं वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. शेवटी ३ मार्च २०२३ ला केंद्राने मानलं: जाहिरात २२ डिसेंबर २००३ आधीची असेल, तर जुनी पेन्शन निवडता येईल. पण एकदाच, आणि ३१ ऑगस्ट २०२३ पर्यंत. अर्ज केला नाही तर एनपीएसच. म्हणजे जवळपास वीस वर्षांचं भांडण आणि सहा महिन्यांची मुदत. ते परिपत्रक ज्याच्या टेबलापर्यंत पोचलंच नाही, त्याने काय करायचं? मला तरी हे पटत नाही.

मार्च २०२३ मध्येच जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. सगळ्यांना काही ती मिळाली नाही. मात्र २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ आधीच्या जाहिरातीवर लागलेल्यांना पर्याय दिला, तोही ठराविक मुदतीतच.

तेव्हा आत्ता कुठला फॉर्म भरत असाल, तर जाहिरातीची पीडीएफ फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. वेबसाइटवरून ती कधी गायब होईल, नेम नाही.