पुरुषाच्या छातींतली गांठ

कुंडलिका नदीच्या एका कांठीं जुना जालना, पलीकडे नवा. १९४१ सालीं हें गांव निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत होतें. त्याच वर्षीं २८ फेब्रुवारीस मुंबईंत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांचे पति सर दोराबजी यांच्या विश्वस्त-निधींतून ही संस्था उभी राहिली. जुन्या जालन्यांतील एखाद्या गृहस्थाच्या छातींत गांठ आली, तर मीटरगेजनें मनमाड, तेथें गाडी बदलून मुंबई, असा त्याचा मार्ग होता. परंतु त्याहून अवघड वाट घरांतल्या घरांतच होती. बायकांचें दुखणें आपणांस झालें, हें त्यानें कोणत्या तोंडानें सांगावें? वैद्यापुढें उपरणें बाजूस सारण्याचीहि चोरी!

वास्तविक पुरुषाच्या छातींतहि स्तनाचा थोडा अंश जन्मभर असतो, आणि त्यांत कर्करोग होऊं शकतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत सुमारें एक पुरुष असतो, तोहि बहुधा साठीच्या आगेमागें. एडविन स्मिथ यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ईजिप्तच्या पपायरस-लेखास साडेतीन हजारांवर वर्षें झालीं. त्यांत छातीवरील गांठींचें वर्णन असून, यास उपचार नाहीं, असा निर्वाळा आहे. तो रोगी पुरुष असावा, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकांत इंग्लंडांतील शस्त्रवैद्य जॉन ऑफ आर्डर्न यानें एका पाद्र्याच्या स्तनावरील गांठीची हकीकत लिहून ठेविली आहे.

निदान झाल्यावर पुरुषास काय सोसावें लागे, तें १९४२ सालच्या एका शोधावरून कळतें. फॅरो व अडेअर या अमेरिकन डॉक्टरांनीं दाखविलें कीं, हाडांत पसरलेला हा रोग वृषण काढून टाकल्यानें ओसरतो. पुढें कित्येक वर्षें हाच मोठा उपाय होता. आधींच बायकी रोग म्हणून खजील झालेल्या माणसास आतां पुरुषत्वहि द्यावयाचें! जीव वांचविण्यासाठीं तेंहि अनेकांनीं पत्करिलें. त्यांच्या धैर्याची नोंद मात्र कोठें फारशी दिसत नाहीं. १९७० नंतर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या आल्या आणि बहुतेकांची त्या शस्त्रक्रियेंतून सुटका झाली. स्त्रियांसाठीं निघालेलें औषध पुरुषांच्या कामीं आलें, हा योग मौजेचा खरा.

१९९५ च्या सुमारास बीआरसीए-२ हा जनुक सांपडला, तेव्हां लपवालपवीचा दुसरा तोटा उघड झाला. या जनुकांतील दोष बापाकडूनहि लेकीस जातो. म्हणजे बापानें आपली गांठ झांकली, तर लेकीस मिळावयाची आगाऊ सूचनाहि झांकली जाते. अमेरिकेचे माजी सेनेटर एडवर्ड ब्रुक यांनीं आपणांस हा रोग झाल्याचें २००३ मध्यें जगजाहीर केलें. त्या वेळीं त्यांचें वय ८३ होतें. इतक्या वयांत लाज बाजूस ठेवणें सोपें नव्हे.

स्तनाग्राखालीं आलेली ही गांठ बहुधा दुखत नाहीं, आणि दुखत नाहीं म्हणूनच पुरुष स्वस्थ बसतो. जालना १ मे १९८१ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. आज छत्रपती संभाजीनगर म्हणविणाऱ्या औरंगाबादेस सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, आणि तें जुन्या जालन्याहून साठेक किलोमीटर. सकाळीं निघालेला माणूस संध्याकाळीं घरीं परत येऊं शकतो. सुईनें गांठीचा अंश काढून तपासणीस पाठविणें, हें तर थोड्या मिनिटांचें काम.