वाटाड्या कुणाच्या मालकीचा?

खंडोबाच्या देवळात कुत्रा आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, आणि धर्मराजाने तर कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात पाऊल टाकायचे साफ नाकारले. तेव्हा कुत्र्याच्या इमानाची ओळख आपल्याला कुणी नव्याने करून द्यायला नको. तथापि दृष्टी नसलेल्या माणसाने कुत्र्याच्या भरवशावर भर बाजारपेठेतला रस्ता ओलांडायचा, कचेरीत जायचे, आगगाडी गाठायची, ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली नाही. आपल्याकडे अंधाचा हात धरणारा असतो तो घरातला नातू, नाही तर बायको. पश्चिमेकडे मात्र हे काम शिकवून तयार केलेल्या कुत्र्याने करायचे, त्यासाठी शाळा काढायच्या, आणि अंध माणसाने त्या शाळांपैकी एक पारखून घ्यायची, असा रिवाज पडून गेला आहे. दिसायला ही निवड म्हणजे एक प्रवेशअर्ज. पण तिच्यामागे शंभराहून थोडी अधिक वर्षे उभी आहेत, आणि त्या वर्षांत एक प्रश्न सारखा डोके वर काढताना दिसतो: कुत्रा देणाऱ्याचा, की घेणाऱ्याचा?

व्हिएन्नात अंधांची शाळा काढणाऱ्या योहान विल्हेल्म क्लाइन याने १८१९ सालीच आपल्या ग्रंथात कुत्र्याला ताठ दांडी जोडून अंधाने ती हातात धरावी, असे लिहून ठेवले होते. ते कागदावरच राहिले. त्याला मूर्त रूप आले ते पहिल्या महायुद्धात. विषारी वायूने आणि तोफगोळ्यांनी डोळे गमावलेले तरुण जर्मनीच्या इस्पितळांतून गर्दी करू लागले, तेव्हा गेर्हार्ट श्टालिंग नावाच्या डॉक्टरने पुढाकार घेतला आणि १९१६ च्या ऑगस्टमध्ये ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा सुरू झाली. श्टालिंगविषयी अशी हकीकत सांगतात, की एका अंध रुग्णापाशी आपला कुत्रा सोडून तो क्षणभर बाजूला गेला, आणि परत येऊन पाहतो तो कुत्रा त्या माणसाला जणू सांभाळून नेत होता. दहा वर्षांत ती शाळा बंद पडली. पण १९२३ मध्ये पोट्सडॅमला दुसरी निघाली होती, आणि तिने पद्धत पक्की केली. सैनिकाला कुत्रा मिळे तो पेन्शन मिळावी तसा. शाळा कोणती, कुत्रा कोणता, हे त्याला कुणी विचारले नाही आणि त्यानेही विचारले नसावे.

आता स्वित्झर्लंडमध्ये जाऊ. व्हेव्हे गावावरच्या डोंगरात डोरोथी हॅरिसन यूस्टिस ही अमेरिकन बाई जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास करून त्यांना पोलीस आणि लष्करी कामासाठी तयार करीत असे. ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ हे तिच्या जागेचे नाव. पोट्सडॅमची शाळा पाहून ती थक्क झाली आणि ५ नोव्हेंबर १९२७ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात तिने त्यावर लेख लिहिला. ती स्वतः तोवर अंधांसाठी कुत्रे तयार करीत नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. लेख वाचून तिच्याकडे पत्रे आली. त्यांतले एक टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरातून होते.

पत्र लिहिणारा मॉरिस फ्रँक तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा होता. लहानपणी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून एक डोळा गेला, आणि सोळाव्या वर्षी मित्राबरोबर मुष्टियुद्ध खेळताना दुसरा. त्याची आईही अंध. तो विम्याचे काम करी, कॉलेजात जाई, आणि यासाठी पैसे देऊन एक मुलगा हाताशी ठेवी. हात धरणारा मुलगा कंटाळला की साहेबांचे काम थांबले! ज्यांच्या घरात असे कुणी आहे त्यांना हा लाचारपणा वेगळा समजावून सांगायला नको. वडिलांनी तो लेख वाचून दाखविला आणि फ्रँकने यूस्टिसबाईंना लिहिले, की मला असा कुत्रा हवा, आणि मला मिळाला तर इथल्या इतर अंधांनाही तो मिळावा अशी व्यवस्था मी उभी करीन. पत्राचा हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे झालेल्या सगळ्याची मुळे त्यात आहेत.

१९२८ च्या वसंतात तो बोटीने युरोपला निघाला, तो एका प्रवासी कंपनीच्या हवाली केलेल्या पार्सलासारखा. बोटीवर त्याला खोलीत कोंडून ठेवीत आणि ठरल्या वेळी सोबत माणूस देऊन फिरवून आणीत. व्हेव्हेत जॅक हम्फ्री नावाच्या शिक्षकाने त्याला ‘किस’ नावाच्या शेफर्ड कुत्रीबरोबर शिकविले. चारचौघांत अशा नावाने हाक मारायची त्याला लाज वाटली, म्हणून त्याने तिचे नाव ‘बडी’ ठेवले. म्हणजे आपल्या भाषेत दोस्त. एके दिवशी तो तिच्यासह एकटा न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला. केस कापून येणे ही काय सांगायची गोष्ट, असे डोळस माणूस म्हणेल. घरी असताना कुणीतरी न्यावे, बसवून जावे आणि आठवण झाली की परत न्यायला यावे, अशी त्याची रीत होती.

जूनमध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. पत्रकार जमले होते. त्यांनी बंदरालगतचा वेस्ट स्ट्रीट हा ट्रकांनी भरलेला रुंद रस्ता ओलांडून दाखवायला सांगितले. बडीने त्याला पलीकडे नेले. यूस्टिसबाईंना त्याने एका शब्दाची तार केली, ‘यशस्वी’ एवढ्याच अर्थाची. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ ही अमेरिकेतील पहिली शाळा रीतसर स्थापन झाली. पहिल्या वर्गात दोन विद्यार्थी होते, दोघेही डॉक्टर. दक्षिणेचा उन्हाळा कुत्र्यांना आणि माणसांना सोसेना, म्हणून १९३१ मध्ये शाळा न्यू जर्सीत व्हिपनीला गेली आणि १९६५ पासून मॉरिस्टाउनजवळ आहे. न्यू जर्सी म्हटले की हल्ली आपल्यापैकी अनेकांना तिथला भाचा-पुतण्या आठवतो. त्याच मुलखातली ही गोष्ट.

या शाळेने कुत्र्यासाठी पैसे घ्यायचे ठरविले. पहिल्या कुत्र्याला १५० डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ५०, लष्करात सेवा केलेल्याला एक डॉलर. हे दर १९३४ पासून आजतागायत बदललेले नाहीत. मंदीच्या त्या वर्षांत १५० डॉलर ही लहान रक्कम नव्हती. एकरकमी जमले नाही तर हळूहळू फेडावे. शाळेचा खर्च याच्या कित्येक पट होता आणि तो देणग्यांतून भागे. मग एवढ्याशा पैशांचा आग्रह कशाला? तर विद्यार्थी दारात उभा राहतो तो याचक म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून, हे त्याला स्वतःला आणि जगाला कळावे, यासाठी. शिक्षण पूर्ण झाले की कुत्र्याची मालकी त्याच्याकडे. कुत्र्याला दाखवून भीक मागणे शाळेला मंजूर नव्हते. आपल्याकडे आंधळ्याला पैसा टाकणे म्हणजे पुण्य. त्याच्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे अनेकांना पापच वाटेल. मला मात्र त्या १५० डॉलरांत मोठे शहाणपण दिसते.

पुढे शाळा वाढल्या. इंग्लंडमध्ये १९३१ साली वॉलसी येथे म्युरिअल क्रुक आणि रोझमंड बाँड या दोघींनी गाडीच्या एका भाड्याच्या गॅरेजात काम मांडले आणि पहिले चार कुत्रे अंधांच्या हाती दिले. अमेरिकेत १९३९ मध्ये मिशिगनमध्ये लायन्स क्लबच्या पुढाकाराने, १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात, १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात यॉर्कटाउन हाइट्स येथे, अशा शाळा निघत गेल्या. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९८१ मध्ये ‘मिरा’ ही संस्था आली. ती अल्पवयीन मुलांनाही कुत्रा देते, आणि तिथले कुत्रे फ्रेंच आज्ञांवर तयार होतात. म्हणजे इंग्रजी घरातल्या मुलाला कुत्र्यासाठी शेजाऱ्याची भाषा शिकणे आले! आमच्या सीमाभागात गल्लीतली कुत्रीसुद्धा ‘इकडे ये’ आणि ‘इल्ली बा’ दोन्ही ओळखतात, त्यामुळे याचे आम्हांला नवल वाटायचे कारण नाही.

एकाच्या चार शाळा झाल्यावर निवडीचा प्रश्न खरा उभा राहिला. बहुतेक शाळा कुत्रा फुकट देऊ लागल्या. वरवर पाहता १५० डॉलर मागणाऱ्या शाळेकडे मग कोण जाणार? पण फुकटच्या कुत्र्याची मालकी पुष्कळदा शाळेकडेच राही. ब्रिटनमध्येही शुल्क नाममात्र, ५० पेन्स, आणि मालकी संस्थेची. शाळांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते: कुत्र्याची आबाळ झाली, त्याला मारहाण झाली, तर त्याला सोडवून आणायचा अधिकार कुणाकडे तरी असला पाहिजे. अंधांचे म्हणणे असे, की डोळस माणसाने घरचा कुत्रा छळला तर त्याला कायदा आहे, पोलीस आहेत. मग आम्हां प्रौढ माणसांच्या घरी शाळेच्या निरीक्षकाने येऊन आमचे डोळेच काढून न्यावेत, हा कुठला न्याय? शाळेशी वाजले तर कुत्रा जाईल या धास्तीने तक्रारसुद्धा करायची चोरी. १९९० च्या दशकात अमेरिकेतील अंधांच्या संघटनांतून हा वाद चांगलाच तापला, आणि काही शाळांनी आपले नियम सैल केले. माझे मत अंधांच्या बाजूचे आहे.

याच काळात एक पुस्तक उपयोगी पडले. एड आणि टोनी ईम्स हे अंध दाम्पत्य, दोघांकडेही वाटाडे कुत्रे. त्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील अशा शाळांची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध केले, १९९४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. अर्जदाराने शाळांची तुलना करावी, हा त्याचा हेतू. एड ईम्स हे न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक. पन्नाशीच्या दशकात त्यांनी उत्तर भारतातल्या एका खेड्यातून शहराकडे पोटासाठी जाणाऱ्या लोकांचा अभ्यास केला होता. त्यांची दृष्टी नंतर, मध्यम वयात गेली. खेड्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाने शाळांचा अभ्यास करावा हे ओघानेच आले. फरक इतकाच, की या वेळी तो स्वतःच त्या गावचा रहिवासी होता. शाळा अर्जदाराची मुलाखत घेते, घर पाहते, चालण्याचा वेग मोजते. त्याने उलट शाळेची मुलाखत घ्यावी, हा विचार यातून रुजला.

काय विचारायचे? मालकी केव्हा मिळते, हे तर आलेच. शाळेत जाऊन तीन-चार आठवडे राहावे लागते की शिक्षक घरी येऊन शिकवतो. नोकरी आणि लहान मुले असलेल्या बाईला हा फरक केवढा मोठा! कुत्रा कुठल्या जातीचा मिळेल. पूर्वी शेफर्ड अधिक, आता लॅब्रॅडोर बहुत करून. पशुवैद्याचा खर्च कोण सोसणार. घरी परतल्यावर सहा महिन्यांनी कुत्रा चुका करू लागला तर शिक्षक येईल का. आणि सर्वांत अवघड म्हणजे, सात-आठ वर्षांनी तो थकला की पुढे काय: निवृत्त कुत्रा घरातच ठेवता येईल की परत द्यायचा, आणि नव्यासाठी किती दिवस थांबायचे. फ्रँकची बडी १९३८ मध्ये गेली. त्याने पुढच्या प्रत्येक कुत्र्याचे नाव बडीच ठेवले.

इथे एक गैरसमज काढायला हवा. कुत्रा वाट दाखवीत नाही. रस्ता माणसाला पाठ असावा लागतो; कुत्रा त्याला खड्डा, खांब, डोक्याला लागेल अशी फांदी यांतून सुखरूप नेतो आणि पायरीशी थांबतो. सिग्नलचे दिवे तो वाचत नाही. वाहनांचा आवाज ऐकून ‘पुढे’ म्हणायचे ते माणसाने, आणि मोटार अंगावर येत असेल तर ती आज्ञा मोडायची ती कुत्र्याने. हे आज्ञा मोडणेच शिकवायला सर्वांत कठीण. म्हणून शाळा आधी पांढऱ्या काठीने चालता येते का, ते पाहतात.

आणि कुत्रा घेतलाच पाहिजे असेही नाही. लाहोरला जन्मलेले वेद मेहता चार वर्षांचे होण्याच्या सुमारास मेंदूज्वराने अंध झाले आणि पाचव्या वर्षाच्या आतच मुंबईच्या दादरमधील अंधशाळेत आले. पुढे १९४९ मध्ये ते अमेरिकेला अंधशाळेत शिकायला गेले, मोठे लेखक झाले, २०२१ मध्ये वारले. न्यूयॉर्कमध्ये आयुष्य काढूनही त्यांनी ना कुत्रा घेतला ना काठी; आवाजाच्या आणि चेहऱ्यावर जाणवणाऱ्या हवेच्या अंदाजाने ते चालत. सगळ्यांना ते जमणार नाही. पण तीही निवडच.

आपल्याकडे फुटपाथ आहे तिथे विक्रेते, नाही तिथे गटार, आणि प्रत्येक गल्लीची आपली कुत्री, जी परक्या कुत्र्याला हद्दीत पाऊल टाकू देत नाहीत. कुत्र्याच्या साथीने कामावर जाणारा अंध माणूस इथे सहसा दृष्टीस पडत नाही, यात नवल ते काय! शिवाय परदेशातल्या शाळा बहुधा आपापल्या देशातल्या रहिवाशांसाठी आहेत. मॉरिस्टाउनची शाळा अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांनाच घेते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत कुणाची दृष्टी गेली असेल, तर तिचा अर्ज त्यांना भरता येतो. जाण्यायेण्याचा, राहण्याजेवण्याचा खर्च शाळा करते. शुल्क १५० डॉलर, आणि ते आजही हप्त्यांनी देता येते.