रापणीचा वाटा

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आपल्या सेक्रेटरींचा तगादा होता. बँकेत ३५ वर्षे फक्त शेरे लिहिले, लेख कधी लिहिला नाही. पण नोकरीत ज्या गावाने मला शहाणे केले, त्या मालवणाविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते.

मी मूळचा घाटावरचा. १९७९ साली मालवणला बदली झाली तेव्हा समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी, माझ्या डोळ्यांदेखत. जिल्ह्याला नाव मिळाले ते समोरच्या पाण्यातल्या किल्ल्याचे. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याचा पाया घातला. क्षेत्रफळ सुमारे ४८ एकर. राजाराम महाराजांच्या काळात आत शिवराजेश्वराचे मंदिर झाले. तिथल्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्यावर नावाड्याची वाटावी अशी टोपी आहे. मालवणी माणसाने राजालाही आपल्यातला करून घेतला, असे मला नेहमी वाटते. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून आमचे तिथले खातेदार मे महिन्यातच येऊन पैसे काढून नेत. जाताना सांगत, "आता भेट नारळी पुनवेनंतर."

गावाची घड्याळे वेगळी. दुपारी एक ते चार बाजारपेठ झोपलेली. सुरुवातीला मी चिडायचो, महिन्याभरात मलाही दुपारी डुलकी येऊ लागली. नारळी पौर्णिमेला मानाचा नारळ समुद्राला अर्पण झाल्याशिवाय दर्या मोकळा होत नसे. मग बंदरावर नारळ लढवायचे. एकाने नारळ हातात धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने ठोकायचा. ज्याचा फुटला तो हरला, फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. आमचे हेडकॅशिअर एरवी नोटा मोजताना मानही वर करीत नसत, त्या दिवशी पिशवीभर नारळ जिंकून आणत.

एकदा कर्जवसुलीच्या नोटिसा घेऊन मी आचऱ्याला गेलो. वेशीवरच मला अडवले. गावात चिटपाखरू नाही! गावपळण सुरू होती. काही वर्षांनी एकदा रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गुरे-कोंबड्यांसह वेशीबाहेर राहायला जातो. माझे थकबाकीदार झावळांच्या खोपीत पत्ते खेळत बसले होते. शेजारच्या खोपीत गावातले एक बडे सावकार, तसेच चटईवर. तीन रात्री सगळ्यांचे छप्पर सारखे. मला पेज मिळाली. नोटिसा मी बॅगेतच ठेवल्या.

पण खरी गोष्ट रापणीची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, अर्धचंद्रासारखे जाळे सोडत दुसरे टोक घेऊन परत येते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढतात, दोन-दोन तास. एका सकाळी मी फिरायला गेलो असता एक म्हातारा ओरडला, "सायबानू, हात लावा!" मी पँट दुमडून लावला. शेवटी जाळे वर आले, तारली आणि बांगडा उड्या मारत होता. वाटे पडले. जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. माझ्यापुढेही सहा बांगडे आले. मी नको म्हणालो, तर म्हातारा म्हणाला, "हात लावलात मा? मगे घेवा." ज्याला आता दोर ओढवत नव्हता, अशा एका थकलेल्या रापणकरालाही त्या दिवशी वाटा दिलेला मी पाहिला.

त्याच वर्षांत यांत्रिक नौकांसाठी कर्जे देण्याचे उद्दिष्ट वरून आले होते. मी उत्साहाने प्रस्ताव मंजूर केले. कागद चोख होते, हप्तेही येत होते. पण ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन मासळी खरवडू लागले, तशी रापण हलकी येऊ लागली. भांडणे झाली. १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला, तरी भांडण मिटले नाही. बदली होऊन निघताना त्या म्हाताऱ्याला भेटलो. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "सायबानू, त्या बोटयेक दोर नाय." म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाने हात कशाला लावायचा आणि वाटा कुठून मागायचा? त्या कर्जांवर माझी सही आहे. ज्यांनी ती घेतली तेही गरजू होते, मी चोर नव्हतो. तरीही ते वाक्य आजवर कुठल्याच खात्यात जमा करता आलेले नाही.

हे सगळे आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. २५ वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा नळाला पाणी नव्हते. टँकर आला की तिसऱ्या मजल्यावरच्या आजींसाठी कोणीतरी न सांगता दोन बादल्या वर नेत असे. तेव्हा आपल्याकडे दोर होता. आता पंप आहे, लिफ्ट आहे, बटण दाबले की काम होते. ही सोय वाईट नाही, माझे गुडघे तिच्यावरच चालतात. पण वार्षिक सभा गणपूर्तीअभावी दरवर्षी अर्धा तास तहकूब करावी लागते, तेव्हा मला तो म्हातारा आठवतो.

यंदाच्या सभेला या. हात लावा. वाटा म्हणून चहा आणि बटाटेवडा आहेच.