कसोटीचा ठसा



इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार थोडाच आहे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि गावच्या मोफत वाचनालयात झाले. परंतु एका प्रश्नाने आम्हांला इतिहासाच्या पुस्तकांकडे वळवले. तो प्रश्न कसा पडला, हे आधी सांगितले पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या युनियनने फाटकसभांसाठी ध्वनिक्षेपकाचा एक भोंगा परगावच्या दुकानाकडून टपालाने मागवला. सूचिपत्रातले चित्र झकास होते. पैसे भरून व्ही. पी. सोडवली आणि पहिल्याच सभेत भोंग्याचा सांधा उखडला. आम्ही संतापून खरमरीत पत्र लिहिले. उत्तर आले की, दिलगीर आहोत, दुसरा भोंगा पाठवीत आहोत, आणि ज्या कामगाराच्या हातून ही चूक झाली त्याला कामावरून कमी केले आहे. दुसरा भोंगा उत्तम वाजला. पण त्यातून बोलताना आमची जीभ जड होई. ज्यांची बाजू मांडण्यासाठी तो आणला, त्यांतल्याच एकाची भाकरी आमच्या पत्राने गेली होती.

दुरून मागवलेला माल वाईट निघाला तर जाब कोणाला विचारावा, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही येऊन पोचलो बंदुकीच्या धंद्याशी. हे नवल नव्हे. भोंगा बिघडला तर एक सभा वाया जाते. बंदुकीची नळी फुटली तर माणसाची बोटे जातात, डोळा जातो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून वाईट कारागिरीचा बंदोबस्त कसा करावा, याचा विचार या धंद्याला इतरांच्या कितीतरी आधी करावा लागला.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहर घ्या. अठराव्या शतकात तेथे बंदुका होत, पण बंदुकीचा मोठा कारखाना असा नव्हता. नळी एकाच्या भट्टीत होई, चाप-घोड्याची यंत्रणा दुसऱ्याच्या घरी, लाकडी दस्ता तिसऱ्याकडे, आणि हे सारे भाग जुळवणारा चौथाच असे. ज्याचे नाव बंदुकीवर कोरले जाई, तो पुष्कळदा स्वतः हातोडा न धरणारा व्यापारी असे. तो भाग वाटून देई, दर ठरवी आणि तयार माल जहाजावर चढवी. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती वळवायची आणि तिच्या कडा ऐरणीवर ठोकून एकजीव करायच्या, अशी नळी बने. सांधा कच्चा राहिला किंवा लोखंडातच मळी असली, तरी वरून घासून चकचकीत केलेल्या नळीकडे पाहून ते कळत नाही. गिऱ्हाइकाला नाहीच, कित्येकदा कारागिरालाही नाही.

आता हे गिऱ्हाईक कोण, ते पाहू. बर्मिंगहॅमच्या बंदुकांचा मोठा साठा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाई. तेथे त्या देऊन गुलाम विकत घेतले जात. या बंदुका स्वस्तात स्वस्त दराने करवून घेत. 1766 साली लॉर्ड शेलबर्न यांनी बर्मिंगहॅमविषयी लिहिताना अशी नोंद केली की, आफ्रिकेला जाणाऱ्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्याच बाराला हातात फुटतील अशा बनावटीच्या असतात. त्यांचे प्रमाण अतिशयोक्त आहे असे धरले, तरी रोग कोणता हे स्पष्ट आहे. घेणारा हजारो मैलांवर. तो परत येऊन तक्रार करणार नाही, कोर्टात जाणार नाही. मग नळी जाड करण्यासाठी चार आण्यांचे लोखंड जास्त कोण घालणार?

याच गावची दुसरी बाजू पाहा. नेपोलियनशी युद्ध चालू असताना, 1804 ते 1815 या काळात, याच शहराने इंग्रज सरकारला सतरा लाखांहून अधिक बंदुका पुरवल्या. त्या मालासाठी सरकारी तपासनीस गावातच बसत. ते नळ्या तपासत, नापास माल परत करत, पसंत मालाचा ठरलेला दर देत. कारागीर तेच, भट्ट्या त्याच, हातोडेही तेच. मग एका बंदुकीवर सैन्य विसंबते आणि दुसरी फुटते, हे का? आमच्या मते उत्तर उघड आहे. फरक हातांत नव्हता. तो दरात होता आणि तपासणीत होता.

लंडनमध्ये बंदूककारांच्या संघाला 1637 सालीच राजाची सनद मिळाली होती, आणि नळ्यांची कसोटी घेण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. बेल्जममधल्या लीएज शहरात 1672 साली कसोटीचा नियम झाला. बर्मिंगहॅमला मात्र 1813 साल उजाडावे लागले. त्या वर्षी पार्लमेंटने कायदा करून तेथे कसोटीघर स्थापन केले. ते धंद्यातल्याच लोकांच्या मागणीवरून आणि त्यांच्याच खर्चाने उभे राहिले. बॅनबरी स्ट्रीटवरची ती इमारत आजही उभी आहे आणि तिचे काम आजही चालू आहे.

कसोटी साधी असे. नळीत नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक दारू ठासायची, वर गोळी घालायची. अशा नळ्या जाड भिंतींच्या खोलीत ओळीने मांडायच्या, माणसांनी बाहेर पडून दार लावायचे आणि दारूची रांग पेटवायची. जी फुटेल ती तेथेच फुटो. जी टिकेल तिची पुन्हा तपासणी करून तिच्यावर मुकुट आणि तिरप्या राजदंडांचा ठसा मारायचा. ठशाशिवाय नळी विकणे हा गुन्हा, खोटा ठसा मारणे हाही गुन्हा.

या व्यवस्थेतले मर्म असे की, फुटण्याची जागा बदलली. पूर्वी नळी गिऱ्हाइकाच्या हातात फुटे. आता ती धंद्याच्या घरात, धंद्याच्या खर्चाने फुटू लागली.

अमेरिकेत निराळा मार्ग निघाला. शिकागोच्या मॉन्टगोमेरी वॉर्डने 1872 साली टपालाने माल विकण्याचा धंदा सुरू केला आणि माल न आवडल्यास पैसे परत देण्याची हमी दिली. पुढे सीअर्स रोबक आदी दुकानांच्या जाडजूड सूचिपत्रांतून बंदुकाही विकल्या जाऊ लागल्या. नामांकित इंग्रज कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावे कोरलेल्या स्वस्त बेल्जन बंदुकाही त्या देशात खपल्या. परराज्यातील खाजगी गिऱ्हाइकाला बंदूक थेट टपालाने विकणे 1968 च्या कायद्याने बंद झाले. पण कसोटीची सक्ती तेथे झाली नाही. पैसे परत मिळण्याची हमी चांगलीच; परंतु पैसे परत येतात, बोटे येत नाहीत.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरण्यांत कापड खराब निघाले की ते विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची रीत होती. सूत कच्चे होते की माग जुना होता, हे कोण विचारतो? 1936 च्या वेतन कायद्याने असे बंधन घातले की, नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असल्याशिवाय आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय पगार कापता येणार नाही. 2019 च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

कामगार कधीच चुकत नाही, असे आमचे म्हणणे नाही. हयगय करणारे हात आम्ही पाहिले आहेत आणि त्यांची कानउघाडणीही केली आहे. परंतु न तपासता माल बाहेर पाठवणारा कारागीर नसतो. तो अधिकार ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याचीच.

ते पत्र आज लिहावयाचे असते तर आम्ही निराळे लिहिले असते. सांधा कोणी जोडला, हे विचारलेच नसते. एवढेच विचारले असते की, हा भोंगा पेटीत भरण्यापूर्वी तुमच्याकडे कोणी एकदा तरी वाजवून पाहिला होता काय?