साष्टी बेटावरील आपलीं घरें

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला गेला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, याचें स्मरण आपण कृतज्ञतेनें करितों. आणि तें योग्यच आहे. परंतु, वाचकहो, देऊळ एकटें उभें राहत नाहीं. त्याच्याभोवतीं घरें असावीं लागतात, आणि त्या घरांतील मुलांना मोठेपणीं त्याच गांवांत राहणें परवडावें लागतें. हीं घरें कशीं उभीं राहिलीं, कोणाच्या पैशानें व कोणत्या कायद्यांच्या आधारें राहिलीं, आणि तीं एकामागून एक नाहींशीं कां होत आहेत, हा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. मुंबईच्या उत्तरेस माहीमची खाडी ओलांडली कीं साष्टी बेटावर वांद्रें, खार, सांताक्रूझ हा जो पट्टा लागतो, त्याचें उदाहरण घेऊन तो येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

गांवठाणांतील घर

दीडशें वर्षांपूर्वींचें साष्टी हें भातखाचरांचें, ताडामाडांचें आणि मिठागरांचें बेट होतें. रानवार, पाली, चिंबई, शेर्ली, चुईम हीं गांवें म्हणजे एकमेकांस खेटून बांधलेल्या घरांचे पुंजके. मधून अरुंद वाट, वाटेच्या तोंडाशीं क्रूस, आणि गांवाबाहेर शेतें. घरापुढें ओटा, आंत माजघर, मागें स्वयंपाकघर व विहीर. माडी असली तर तिचा जिना कित्येकदां बाहेरूनच चढे. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. पुढें तीं मंगळुरी कौलें या घरांवरहि चढलीं.

या घरांस बाजारभाव असा फारसा नव्हता. बापाचें घर मुलाचें होई. भाऊ वेगळे झाले तर मधून भिंत घालीत किंवा एक पडवी वाढवीत. लेडी अवाबाई जमशेटजी यांच्या १,५७,००० रुपयांच्या देणगीनें माहीमचा बांध १८४५ सालीं पुरा झाला; १८६७ सालीं विरारपासून मुंबईपर्यंत आगगाडी धांवूं लागली; १८७६ सालीं वांद्र्यास स्वतःची नगरपालिका मिळाली. तरीहि गांवांचें गांवपण मोडलें नाहीं. तें मोडण्यास कारण झाली ती मुंबई शहरावर आलेली आपत्ति.

महामारी आणि जागेची टंचाई

सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर कॅथलिक डॉक्टरांनीं मांडवी भागांतील एका रोग्यास तपासून हा ग्रंथिज्वराचा प्लेग होय, असें निदान केलें. पुढील कांहीं महिन्यांत लक्षावधि लोकांनीं शहर सोडलें. वांद्र्याच्या गल्ल्यांत आजहि दिसणारे कित्येक क्रूस त्या भयंकर वर्षांचे साक्षीदार आहेत. दाट, अंधाऱ्या चाळींत माणसें कोंबलीं तर काय होतें, हें सरकारास तेव्हां उमगलें, आणि १८९८ सालीं मुंबईंत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. परंतु जुनी वस्ती जितक्या झपाट्यानें पाडली तितक्या झपाट्यानें नवी बांधली गेली नाहीं.

त्यांतच पहिलें महायुद्ध आलें. सामान महागलें, बांधकाम थांबलें, भाडीं चढलीं. तीं आवरण्यासाठीं १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं काढलेल्या विकास खात्यानें ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्या गिरणीकामगारांसाठीं होत्या. परंतु कचेरींत, रेल्वेंत किंवा पेढीवर कारकुनी करणारा जो मध्यम वर्ग, त्याला चाळ पुरत नव्हती आणि बंगला परवडत नव्हता. आपल्या समाजांतील पुष्कळ कुटुंबें याच वर्गांतलीं होतीं.

दहा हातांनीं उचललेला भार

या वर्गास घर मिळवून दिलें तें सहकारानें. १९०४ चा सहकारी कायदा पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर कामांसाठींहि सहकारी संस्था काढण्याची मोकळीक दिली. तिचा लाभ घेऊन १९१५ सालीं सारस्वत मंडळींनीं गांवदेवीस आपली गृहनिर्माण संस्था स्थापिली, आणि १९१८ सालीं वांद्र्यास ‘साल्सेट कॅथलिक को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी’ जन्मास आली. सांताक्रूझच्या पश्चिमेची विलिंग्डन कॅथलिक कॉलनी ही त्याच चळवळीची खूण होय. १९१३ ते १९१८ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांचें नांव तिला दिलें गेलें.

अशा संस्थांचे मुख्यतः दोन प्रकार असत. एकांत जमीन व इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीचीं, आणि सभासद हा आपल्याच संस्थेचा भाडेकरू. दुसऱ्यांत जमीन संस्थेची. सभासदानें ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें घ्यावी आणि तीवर आपलें घर आपण बांधावें. दोहोंतील तत्त्व एकच होतें: ज्या माणसास एकट्यानें जमीन घेणें अशक्य, त्यास दहाजणांच्या पतीवर ती मिळावी, आणि एकदां मिळालेली जमीन कोणा एकाच्या लोभानें विकली जाऊं नये.

याला आणखी दोन गोष्टींचें साह्य झालें. १९१५ च्या नगररचना कायद्यानें वेडेवांकडे शेतांचे तुकडे एकत्र करून त्यांतून रस्ते काढावे आणि उरलेली जमीन सुघड भूखंड करून मालकांस परत द्यावी, अशी सोय केली. वांद्रें, खार, सांताक्रूझ येथील सरळ, झाडांच्या रांगांचे रस्ते हे अशा योजनांचेंच फळ. आणि ५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, तेव्हां सकाळीं कचेरीस जाऊन सायंकाळीं झाडाखालच्या घरीं परत येणें सामान्य माणसाच्या आटोक्यांत आलें.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें लिहिली पाहिजे. या टुमदार वसाहती मोकळ्या माळावर उभ्या राहिल्या नाहींत. त्या भातखाचरांवर उभ्या राहिल्या. त्यांपैकीं पुष्कळ खाचरें गांवठाणांतील आपल्याच ईस्ट इंडियन व कोळी, आगरी बांधवांचीं होतीं. शेतकऱ्याला शेताचा भाव मिळाला. त्यावर पुढें जें शहर उठलें त्याचा भाव त्याला मिळाला नाहीं. शिवाय, सभासदत्व एकाच समाजापुरतें ठेवणें न्याय्य कीं अन्याय्य, हाहि प्रश्न अशा वसाहतींच्या पोटीं होताच. तो अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ सालीं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत न्यायालयानें संस्थेचा तसा नियम उचलून धरला. कायद्याचा निकाल लागला. परंतु शेजारधर्माचा विचार ज्यानें त्यानें स्वतःच्या मनाशीं करावयाचा असतो.

सिमेंटचें नवें घर

१९३० नंतरच्या दोन-तीन दशकांत या उपनगरांत जें घर बांधलें गेलें तें गांवठाणांतल्या घराहून अगदीं निराळें होतें. जाड भिंतींऐवजीं लोखंडी सळयांच्या सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा आला. भिंतीवर छपराचा भार राहिला नाहीं, म्हणून खिडक्या रुंद झाल्या. कोपऱ्यावरहि खिडकी ठेवतां येऊं लागली. कौलांच्या उतरत्या छपराऐवजीं सपाट गच्ची आली. खिडक्यांवर आडव्या, लांबच लांब छज्जांच्या रेषा आल्या. सज्जाचे कोपरे गोल झाले. १९२२ पासून भारत टाइल्सच्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या तयार होत होत्या, आणि १९३६ सालीं निरनिराळ्या कारखान्यांच्या एकीकरणानें ए. सी. सी. ही मोठी सिमेंट कंपनी स्थापन झाली. त्यामुळें हें सारें सामान देशांतच मिळूं लागलें.

तळमजला आणि वर एक किंवा दोन मजले, पुढें व्हरांडा, भोंवतीं आंबा, नारळ व फणसाचें एखादें झाड, फाटकावर उगवत्या सूर्याच्या किरणांची जाळी, असें हें घर असे. तळमजल्यावर मालक व वर भाडेकरू, ही पद्धति सर्रास होती. भाड्यावर निवृत्त माणसाचा चरितार्थ चाले आणि नव्या जोडप्यास राहावयास जागा मिळे. घर बांधणें हा किफायतीचा आणि सभ्य व्यवहार होता; जागा रिकाम्या राहत आणि ‘भाड्यानें देणें आहे’ अशा पाट्या झळकत, असें त्या काळच्या माणसांच्या आठवणींतून ऐकूं येई.

गोठलेलें भाडें

दुसऱ्या महायुद्धानें आणि त्यामागोमाग फाळणीनें हें चित्र पालटलें. पुढें बृहन्मुंबई म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रदेशाची लोकसंख्या १९४१ सालीं सुमारें १८ लक्ष होती. ती १९५१ सालीं सुमारें ३० लक्ष झाली. सिंध व पंजाबांतून उखडून आलेल्या कुटुंबांनीं खार, शीव, चेंबूर या भागांत आसरा घेतला. या गर्दींत घरमालक वाटेल तें भाडें मागूं शकला असता. म्हणून १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच प्रमाण भाडें ठरविलें आणि भाडेकरूस सहजासहजीं काढतां येणार नाहीं अशी तजवीज केली.

या कायद्यानें हजारों गरीब कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर वांचविलें, हें विसरतां कामा नये. परंतु तात्पुरता म्हणून आलेला निर्बंध अर्धशतक टिकला. धान्य, मजुरी, सिमेंट सारें महागलें. भाडें मात्र १९४० सालांतच राहिलें. परिणाम असा झाला कीं, भाड्यानें देण्यासाठीं नवें घर बांधणें बंद पडलें. जुन्या घरांची डागडुजी होईनाशी झाली. आणि उघड भाड्याची जागा पागडीच्या गुप्त व्यवहारानें घेतली. पडक्या चाळींच्या दुरुस्तीसाठीं १९६९ सालीं सरकारास स्वतंत्र मंडळ उभारावें लागलें. गोठलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघांत अवाजवी झाली आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं म्हटलें; त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला, आणि त्यानें दरसाल शेंकडा ४ भाडेवाढीस परवानगी देऊन पागडीसहि कायद्याची मान्यता दिली. तोंपर्यंत भाड्यानें घर देणारा जुना मालक आणि तें घेणारा नवा संसारी माणूस यांची ताटातूट होऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या.

जमिनीचा भाव

भाड्यानें घर मिळेना, तेव्हां विकत घेणें भाग पडलें. १९६३ च्या कायद्यानें मालकीच्या सदनिकांच्या व्यवहारास चौकट दिली. ‘सहकारी सोसायटी’ हें नांव राहिलें. परंतु पूर्वीं सभासद एकत्र येऊन घर बांधीत, आतां बिल्डरानें बांधलेलीं घरें विकत घेऊन मग लोक सभासद होऊं लागले. नांव तेंच, क्रम उलटा.

मध्यंतरीं १९५० सालीं वांद्रें व त्यापलीकडील उपनगरें मुंबई महापालिकेंत सामील झालीं होतीं. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधावें याचें बंधन, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, १९६७ सालीं मंजूर झालेल्या विकास आराखड्यानें रूढ केलें. पुढें १९९१ च्या नियमावलीनें एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागीं वापरण्याची मुभा दिली, आणि तो हक्क मुख्यत्वें उपनगरांत येऊन उतरला. त्या दिवसापासून दुमजली बंगला हा हिशेबाच्या वहींत तोट्याचा ठरला. घर जुनें होत गेलें, पण त्याच्या डोक्यावरील मोकळ्या आकाशाची किंमत घराहून कितीतरी अधिक झाली.

त्यांत आपल्या कुटुंबांची स्थिति पाहा. आईबाप निवर्तले, चार भावंडांपैकीं एक आखातांत, एक कॅनडांत, एक वसईस आणि एक त्या घरांत. घर चौघांत वांटतां येत नाहीं. किंमत मात्र वांटतां येते. म्हणून सही होते. यांत कोणा एकास दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. तरीहि परिणाम दृष्टीआड करतां येत नाहीं: ज्या रस्त्यावर एका कारकुनाच्या पगारांत घर झालें, त्याच रस्त्यावर त्याच्या सुशिक्षित नातवास एक खोली घेणें दुरापास्त आहे. तो बोरिवलीच्या आय. सी. कॉलनींत जातो, तेथून मिरा-भाईंदर, वसई, विरारकडे सरकतो. आणि तेथेंहि तीच कथा पुन्हां घडली: १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामास खुली होऊं लागली, तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें ‘हरित वसई संरक्षण समिति’ उभी राहिली. साष्टींतील शेतकऱ्याचा जो आवाज पूर्वीं कोणी ऐकिला नाहीं, तो वसईंत निदान उमटला.

उपसंहार

या साऱ्या इतिहासांतून एकच गोष्ट ठळकपणें दिसते. आपल्या आजोबांस घर मिळालें तें ते श्रीमंत होते म्हणून नव्हे. रेल्वे, नगररचना, स्वस्त भाडें आणि एकमेकांच्या पतीवर उभी असलेली संस्था, या चार खांबांवर तें घर उभें होतें. एकेक खांब ढळला तसतसें घर सोडून केवळ जमीन उरली, आणि जमिनीचा भाव उरला.

गेलेलीं कौलें परत येणार नाहींत. आणि गळकें छप्पर सांभाळीत म्हाताऱ्या माणसांनीं कुढत बसावें असेंहि कोणी म्हणणार नाहीं. परंतु महोत्सवाच्या निमित्तानें तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. सही करण्यापूर्वीं सर्व भावंडांनीं एकत्र बसावें आणि त्या घरांत राहणाऱ्याचा विचार आधीं करावा. आपल्या जुन्या संस्थांच्या सभांस हजर राहावें. कारण ज्या संस्थेच्या सभेस कोणी जात नाहीं तिची जमीन शेवटीं परक्याच्या हातीं जाते. आणि ज्यांच्यापाशीं एखादी खोली रिकामी आहे त्यांनीं ती कुलूप लावून न ठेवतां, रीतसर करार करून, एखाद्या नव्या संसारास रास्त भाड्यानें द्यावी. पुढील महोत्सवाच्या दिवशीं देवळांतील बांकें भरलेलीं राहावीं अशी आपली इच्छा असेल, तर त्याची तजवीज देवळांत नव्हे, तर आपल्या घरांच्या दारांशींच करावी लागेल.