अल्जीरियाचं दप्तर

1827चा एप्रिल महिना. अल्जीयर्सच्या कसब्यातल्या राजवाड्यात तुम्ही एका खांबाला टेकून उभे आहात. समोर हुसेन डे, इथला सत्ताधीश, फ्रेंच वकील द्यूवालला एकच विचारतो आहे : गव्हाचे पैसे कधी देणार? तीस वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये धान्याची टंचाई होती, फौजा लढाईवर होत्या. तेव्हा बाक्री आणि बुस्नाश या अल्जीयर्सच्या व्यापारी घराण्यांनी इथून जहाजं भरभरून गहू पाठवला. त्याचं बिल अजून थकलेलं आहे. द्यूवाल उर्मटपणे उत्तर देतो आणि डे हातातल्या पंख्यानं त्याला मारतो. तीन वर्षांनी, 14 जून 1830 रोजी, या अपमानाचं निमित्त पुढे करून फ्रेंच सैन्य सिदी फेरुशच्या किनाऱ्यावर उतरतं. 5 जुलैला शहर पडतं.

हा गहू लक्षात असू द्या. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आता 1873 सालात या. डोंगरउतारावर तुमच्या घराण्याची जमीन आहे आणि ती सामाईक आहे. कुणी कुठला तुकडा पेरायचा, विहिरीवर कुणाची पाळी कधी, हे घरातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं. कागदावर काहीच नसतं. कधी लागलंच नाही. दोन वर्षांपूर्वी फ्रेंचांविरुद्धचा मोक्रानीचा उठाव चिरडला गेला, बंडात उतरलेल्या जमातींच्या लाखो हेक्टर जमिनी जप्त झाल्या, कितीएक माणसं पार न्यू कॅलेडोनियाला हद्दपार झाली. तुमचं शेत मात्र वाचलं, असं तुम्हांला वाटतं आहे.

मग वार्निये कायदा येतो. सामाईक जमिनीत ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा आणि विकता येण्याजोगा. तुमचा एक चुलतभाऊ कर्जात बुडालेला आहे. एक युरोपीय दलाल त्याचा लहानसा हिस्सा विकत घेतो आणि कोर्टात जातो. फ्रेंच कायद्यानुसार कुणालाही सामाईकीत राहण्याची सक्ती करता येत नाही, म्हणून वाटणी करा. मोजणीदार येतो, दुभाषा येतो, वकील येतो, नोटिसा निघतात. प्रत्येक कागदाला पैसे लागतात. ज्या भाषेत हे चाललं आहे ती तुम्हांला येत नाही. अखेर जमीन वाटण्याजोगी नाही असं ठरतं आणि तिचा लिलाव होतो. बोली लावायला पैसे असतात त्या दलालाकडेच. तुमच्या वाट्याला जी रक्कम येते तीही कोर्टखर्चात जाते.

इथं गोळी चालली नाही. 1845 साली दाहराच्या गुहेत आसरा घेतलेली उलेद रियाह जमात, बायकामुलांसह शेकडो माणसं, तोंडाशी आग पेटवून धुरानं गुदमरवून मारली गेली. त्या क्रौर्याची निदान फ्रान्समध्येही वाच्यता झाली, निषेध झाला. कोर्टातल्या या लुटीवर कोण ओरडणार? माझ्या मते फ्रेंच राजवटीचं सर्वांत टिकाऊ हत्यार हेच होतं.

1882च्या नागरी नोंदणी कायद्यानंतर तुम्हांला रांगेत उभं केलं जातं. टेबलामागे कारकून बसला आहे. तुम्ही तुमचं नाव सांगता : स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं. त्याला ते चालत नाही; त्याला आडनाव हवं आहे. नसेल तर तो देतो. कबाइली प्रदेशातल्या काही गावांत सगळ्या कुटुंबांना एकाच अक्षरानं सुरू होणारी आडनावं दिली गेली, म्हणजे माणूस कुठल्या गावचा ते ऐकताक्षणी कळावं. कुणाच्या वाट्याला शिवीसारखं नाव येतं. सख्खे भाऊ वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळ्या स्पेलिंगनं लागतात, आणि पणतवंडं ती स्पेलिंगं घेऊनच जन्माला येतात.

1930 साल. विजयाची शताब्दी म्हणून रोषणाई चालली आहे. तुम्ही मितिजाच्या मैदानात मजुरी करता आहात. नजर जाईल तिथवर द्राक्षवेली. फ्रान्समधल्या वेली फायलोक्सेरा किडीनं मेल्या, तेव्हा तिथल्या वाइनची गरज भागवायला इथं लागवड सुरू झाली. या दशकात ती जवळजवळ 4 लाख हेक्टरांवर पोचते. जगातला सर्वांत मोठा वाइन निर्यातदार देश, आणि बहुसंख्य लोकांना धर्मानं दारू निषिद्ध! चांगल्या सपाट जमिनीवर दुसऱ्यांचं पेय पिकतं आणि तुमचा गहू-बार्ली चढावरच्या दगडगोट्यांत ढकलला जातो.

स्वातंत्र्यलढ्यातली, 1954 ते 1962 मधली, बरीच वर्षं तुम्ही काटेरी तारांच्या छावणीत काढता. गावं रिकामी करून 20 लाखांहून अधिक माणसं अशी हलवली गेली.

5 जुलै 1962. शहर पडलं होतं त्याच तारखेला स्वातंत्र्य. तुम्ही रस्त्यावर नाचता, आणि नाचायलाच हवं. पण विद्यापीठाचं ग्रंथालय स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या ओएएस या फ्रेंच गुप्त संघटनेच्या लोकांनी महिनाभरापूर्वीच जाळलं आहे. बहुतांश जनतेला लिहिता-वाचता येत नाही. आणि कारभाराच्या दप्तराचा फार मोठा भाग जहाजांनी फ्रान्सला गेला आहे. तो आजही एक्स-आँ-प्रोव्हाँसमध्ये आहे. पणजोबांची जमीन कशी गेली हे शोधायचं, तर पणतूला व्हिसा काढावा लागतो.

फ्रान्सनं वाइनची खरेदी आटवली तशा सरकारनं सत्तरच्या दशकात वेली उपटायला घेतल्या. आज अल्जीरिया जगातल्या मोठ्या गहू आयातदारांपैकी एक आहे, आणि कित्येक वर्षं त्यातला मोठा वाटा फ्रेंच गव्हाचा होता. लोकसंख्या कितीतरी पटींनी वाढली, तेलाच्या पैशावर विसंबून शेतीची हेळसांड झाली, हेही खरं. सगळं खापर एका दारात फोडता येणार नाही. पण शतकभर दुसऱ्याच्या गरजेनुसार नांगरलेली जमीन झेंडा बदलला म्हणून आपल्या गरजेला वळत नाही.

ट्युनिशियाच्या सीमेवर चालताना कित्येक वर्षं पाय जपून टाकावा लागे. लढ्याच्या काळात फ्रेंचांनी सीमेवर उभारलेल्या मोरिस लाइनच्या विजेच्या तारांभोवती पेरलेल्या सुरुंगांचे नकाशे फ्रान्सनं 2007 साली दिले, स्वातंत्र्यानंतर 45 वर्षांनी. तोवर किती गुराख्यांचे पाय गेले, याचा विचार त्या नकाशांच्या कपाटाला कुलूप लावणाऱ्यांनी कधी केला असेल असं वाटत नाही.

आणि दक्षिणेला, सहारात, रेगान आणि इन एकर. 1960 ते 1966 दरम्यान फ्रान्सनं इथं 17 अणुचाचण्या केल्या. त्यांतल्या 11 तर देश स्वतंत्र झाल्यावर, स्वातंत्र्याआधी झालेल्या एव्हियाँ कराराच्या आडोशानं. 1 मे 1962च्या चाचणीत डोंगर फुटून किरणोत्सारी ढग बाहेर पडला होता. दूषित यंत्रं आणि भंगार वाळूत पुरलं गेलं. ते नेमकं कुठं, याचे नकाशे अल्जीरिया अजून मागतो आहे.